हलकी पिशवी

ताई : ती डबी बंद कर आणि माझ्याकडे बघ. परवाच्या पिशवीतली नाणी काढलीस का तू?

धाकटा : काढली की. त्यात नवीन काय? तुझ्या बँकेतून सुट्ट्या नाण्यांची पिशवी आणतो, जुनी सापडली की ठेवून घेतो, बदल्यात तेवढ्याच किमतीची नवी टाकून पिशवी परत देतो. तुला माहीत नाही होय?

ताई : नवी टाकलीस? नक्की? माझ्या डोळ्यांत बघून सांग.

धाकटा : एकास एक टाकली! अगं, बस आधी.

ताई : बसायला वेळ कुठाय! जेवणाच्या सुट्टीत पळत आलेय. मोठ्या शाखेत पिशवी कमी भरली. साहेब आज वर कळवणार.

धाकटा : शक्यच नाही. मोजा म्हणावं!

ताई : तिथे मोजत नाहीत रे, काट्यावर ठेवतात. वजन कमी आलं, आणि मग नाणी मोठ्या पेटीत ओतून टाकली. आता कुठली कोणाची, कोण सांगणार? आणि मी शहाणी! घरचा माणूस म्हणून तुझी पिशवी न मोजताच घेतली.

धाकटा : थांब थांब. काट्यावर?

ताई : आता तुझं तोंड का उतरलं?

धाकटा : हात पुढे कर. या हातात हे जुनं धर, त्या हातात हे नवं. किंमत दोन्हींची एकच.

ताई : अगं बाई! हे केवढं जड आहे!

धाकटा : पूर्वी जाडजूड काढायचे. एरवी एखाददुसरं मिळतं, कोणाच्या लक्षातही येत नाही. या खेपेला घबाडच लागलं गं. वजनाचं डोक्यातच आलं नाही.

ताई : तुझं घबाड, आणि फास माझ्या गळ्याला!

धाकटा : चल, बँकेत जाऊ. काट्यावर जुनी एका बाजूला, तेवढीच नवी दुसऱ्या बाजूला. जेवढी घट, तेवढाच फरक निघेल. साहेबांना दाखवू.

ताई : सगळी घे.

धाकटा : सगळीच? हे एक राहू दे ना. हे शोधता शोधता केस पिकले माझे. साहेबांनी ठेवून घेतलं तर?

ताई : अरे, माझी नोकरी चाललीय!

धाकटा : चुकलो, चुकलो. हे बघ, टाकलं रुमालात. मीच सांगतो त्यांना, पिशवी माझ्याकडून आली म्हणून.

ताई : तेवढं नको सांगूस.

धाकटा : का?

ताई : मी सांगून बसलेय, पिशवी मीच भरली. चूक माझी, भरपाईही मीच करीन.

धाकटा : वेडी की खुळी तू! माझं नाव सांगून मोकळं व्हायचं ना!

ताई : चल आता, उशीर होतोय.

धाकटा : नाही, आधी सांग. खोटं का बोललीस?

ताई : मला वाटलं, तूच पैसे काढलेस.