ओंकारेश्वरच्या खांबावरचं नाव

विद्वान माणसाबरोबर यात्रेला जाऊ नये, सांगून ठेवतो. ओंकारेश्वरला निघालो तेव्हा पारोळ्याला दिलेली माझी अक्का बरोबर होती, आणि दुर्दैवानं आमच्या धुळ्यातल्या देवपूरचे वकील नानाही. नर्मदेतल्या त्या बेटाला आम्ही अनवाणी प्रदक्षिणा घालतोय, आणि हे नाना साहेबी बूट घालून दर पडक्या देवळापाशी व्याख्यान झोडतायत. एक नाक तुटलेली मूर्ती दिसली. झालं! नाना कडाडले, "कोणत्या नतद्रष्टानं फोडलं हे? नुसतं नाव कळू दे, फिर्यादच ठोकतो!"

पुढच्याच देवळात त्यांच्या कोटातून छिन्नी-हातोडी निघाली. घरून आणली होती, बरं का! कोरीव खांबावर स्वतःचं नाव, पुढे बी. ए., एल्‌एल. बी., खाली 'वकील, धुळे'. तासभर ठोकाठोक, आम्ही उन्हात. शेवटच्या घावाला खांबावरच्या अप्सरेचा हात निखळला आणि नानांच्याच बुटावर पडला.

अक्कानं वाकून तो दगडी हात उचलला आणि नानांच्या हातात ठेवला.

"नाना, आते ठोका फिर्याद," ती खांबावरच्या नावाकडे बोट दाखवत म्हणाली. "नाव आठेच लिखेल शे."