तळघरातलं काळं पाणी

...आणि वर लोक मलाच विचारतात, "लोथार, हल्ली तोंड लपवून का फिरतोस?" लपवू नको तर काय करू, मिरवू? तुम्हाला सांगतो, माणसाने काहीही करावं, भर बाजारात पाय घसरून पडावं, दुसऱ्याच्या बायकोला आपली समजून हाक मारावी... पण हीटिंगच्या नळीला हात लावू नये! आणि मी लावला. का? तर बत्तीस वर्षं पाणीखात्यात काढली ना मी!

आता पाणीखात्यात म्हणजे... टेबलावर होतो. मीटरचे अर्ज. पाण्याशी माझा संबंध एवढाच, की टेबलावर ग्लास असायचा. पण हे सांगतो कोण? गल्लीत सगळ्यांना वाटायचं याला पाण्याची नाडी कळते, आणि तुमच्यापासून काय लपवायचं, हळूहळू मलाही तसंच वाटायला लागलं होतं!

तर जानेवारी. बाहेर उणे नऊ. शनिवारी सकाळी तळघरात जाऊन बघतो, तर बॉयलरचा दाबाचा काटा खाली बसलेला. आतलं पाणी कमी झालं की वरच्या मजल्याचे रेडिएटर, म्हणजे खोली गरम करणाऱ्या त्या लोखंडी पेट्या, आधी गार पडतात, आणि वर कोण? तर आमच्या भाडेकरू ट्रेंडलेबाई, दुसऱ्या दिवशी ऐंशीच्या होणार होत्या. माझी बायको गेर्लिंडे म्हणाली, "श्वेन्याला बोलव." श्वेन्या म्हणजे आमची हीटिंगवाली, कामाला एकदम पक्की. मी म्हटलं, "अगं, पाणी तर भरायचंय! तिनेच दिलेल्या नळीचं एक टोक नळाला, दुसरं बॉयलरला, की झालं. बत्तीस वर्षं पाणीखात्यात..."

"टेबलावर," ती म्हणाली.

अपमान! लावली नळी, सोडलं पाणी. टप्... टप्... बॉयलरच्या सांध्यातून गळायला लागलं. हाताने आवळलं. टपटपटप! पाना आणला, दातओठ खाऊन आवळलं, तर आता चक्क धार! मग शहाणा माणूस काय करेल? श्वेन्याला बोलवेल. मीही फोन केला... पण बोलवायला नाही हो, झापायला! तिने उचलला नाही, तर निरोप ठेवला, "तुम्ही दिलेली नळी भिकार आहे. मला शिकवू नका, मी बत्तीस वर्षं पाणीखात्यात होतो!" तिने काय शिकवलं होतं मला? काही नाही बिचारीने!

मग म्हटलं, टेप गुंडाळू. त्यासाठी नळी सोडवायला घेतली. नळ बंद केला. बॉयलरकडची चावी...? ती बंद करायची राहिली! फस्स्... आणि आलं ना पाणी, साधं नाही, हीटिंगच्या पोटातलं, वर्षानुवर्षं मुरलेलं, काळंकुट्ट, कुजक्या अंड्यासारखं घाण मारणारं! माझ्या तोंडावर आलं, ते ठीक आहे, त्याच लायकीचं तोंड ते. पण मागे दोरीवर वाळत होता ट्रेंडलेबाईंचा टेबलक्लॉथ. पांढराशुभ्र. त्यांच्या आईने हाताने विणलेला, वाढदिवसाला म्हणून मुद्दाम धुतलेला. त्याच्यावर मधोमध... हा एवढा काळा डाग!

गेर्लिंडे धावत खाली आली. टेबलक्लॉथ बघितला. मग माझ्या हातातल्या नळीचं तोंड बघितलं आणि म्हणाली, "आतला वायसर कुठाय?"

"कसला वायसर?"

"रबरी! उन्हाळ्यात बागेच्या नळाला लावायला तूच काढलास ना?"

तुम्हाला सांगतो, धरणी दुभंगावी असं वाटणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. आणि तेवढ्यात जिन्यावर ट्रेंडलेबाई! अंगात ओव्हरकोट, डोक्यावर दोन लोकरी टोप्या, एकीवर एक, हातात मोजे, ओठ निळे पडलेले. मी म्हटलं, "बाई, तुम्हाला किती दिवस गार होतंय?"

"बुधवारपासून."

चार दिवस! "मग सांगितलं का नाही?"

"अरे बाळा," म्हणाल्या, सदुसष्ट वर्षांच्या घोड्याला बाळा! "मीच भरलं असतं की पाणी. नवरा गेल्यापासून वीस वर्षं घरातले नळ मीच बघते. पण म्हटलं, तू पाणीखात्यातला. मी हात लावला तर तुला वाईट वाटायचं."

मला वाईट वाटू नये म्हणून ती म्हातारी चार दिवस कुडकुडत बसली होती हो!

टेबलक्लॉथकडे त्यांनी एकदाच पाहिलं. वर गेल्या, बटणांच्या डब्यातून एक वायसर घेऊन आल्या, नळीत बसवला, हाताने, नुसत्या हाताने दोन फेरे आवळले. सोडलं पाणी. एक थेंब नाही! काटा वर चढला, मग रेडिएटरमधली हवा काढली, आणि घर ऊबदार.

तेवढ्यात दारात श्वेन्या. माझा निरोप ऐकून जेवणाच्या ताटावरून उठून आलेली. मी भिंतीत शिरायला जागा शोधतोय. तिने सांधा चाचपला, "छान बसवलंय. कुणी?" आणि ट्रेंडलेबाई म्हणतात काय, "यानेच." अहो, शिव्या परवडल्या! मी श्वेन्याची माफी मागितली, ती म्हणाली, "होतं असं," पण माझ्याकडे न बघता.

रविवारी वाढदिवसाला अकरा बायका, केक, कॉफी, आणि टेबलावर तो टेबलक्लॉथ, डागावर केकची थाळी. बाईंनी मला मध्ये बसवलं आणि सगळ्यांना सांगितलं, "यानेच घर गरम केलं हं!" टाळ्या! आता मात्र राहवेना. उठलो. म्हटलं, "हे बघा, खरं सांगायचं तर मी काहीच..."

"किती तो विनय!" त्या अकराजणींतल्या हाफनरबाई ओरडल्या. "आमच्याकडेही असंच गळतंय हो, सोमवारी याल का?"

मी परत खाली बसलो. ट्रेंडलेबाई केक कापता कापता, मान वर न करता म्हणाल्या, "येईल तो. मीही येते सोबत, हत्यारांची पिशवी धरायला."

तर काय करणार... गेलो सोमवारी, दोघंही. पिशवी मी धरली.