ग्रीसमधली वाळू

भाग्यश्री : आणि आता तुम्ही मला सांगताय की पिन कच्ची होती.

(केळवे. घराची मागची पडवी. भाग्यश्री तिची बगी, म्हणजे रिमोटने पळवायची दीड-दोन हात लांब पेट्रोल गाडी, खोलते आहे. तिचा दीर धीरज दाराशी उभा आहे.)

धीरज : कच्चीच असणार ना, वहिनी. पुढचं चाक आर्मसकट सुटून गेलं. मी काय लाथ मारून तोडलं नाय.

भाग्यश्री : ती पिन मी बोईसरला, आमच्या कंपनीच्या टूलरूममध्ये, स्वतः घासून बसवली. तिच्यावर ही बगी पालघरच्या शर्यतीत दगडांवरून उड्या मारत धावली. तेव्हा नाही तुटली. तुमच्या हातात एक रविवार टिकली नाही.

धीरज : मैदान वेगळं, बीच वेगळा.

भाग्यश्री : एवढं कळतं तुम्हाला, बरं वाटलं. मग पुढच्या चाकांजवळची रबरी टोपणं कुठे आहेत? वाळू आत जाऊ नये म्हणून लावली होती ती.

धीरज : काढली. मळकी झालेली. फोटोत बरी दिसत नव्हती.

भाग्यश्री : फोटोत.

धीरज : मुंबईची माणसं आलेली ना. सगळी मोबाईल धरून उभी.

भाग्यश्री : इकडे या. दारातून दिसणार नाही. चाक धरणारा हा आर्म खड्ड्यात वर-खाली होतो तो या पिनेवर. पिनेभोवती ही छोटी नळी, हा बुश. आणि त्यात हे काळं काय भरलंय?

धीरज : ग्रीस. मीच भरलं. सकाळी चाक डगडगत होतं, ग्रीस भरल्यावर बंद झालं.

भाग्यश्री : डगडगणं बंद नाही झालं, भाऊजी. तुमच्या हाताला जाणवायचं बंद झालं. बोटांत घेऊन चोळून बघा.

धीरज : खरखरतंय.

भाग्यश्री : वाळू. ग्रीसने धरून ठेवलेली. गॅरेजवाले व्हॉल्व्ह घासायला लेप लावतात ना, तसलाच तुम्ही तयार केलात आणि माझ्या बुशमध्ये भरून दिवसभर फिरवलात. भोक बघा, गोल राहिलंय का? म्हणून मी तिथे काहीही लावत नाही, कोरडं ठेवते. वाळूतून आणली की गोड्या पाण्याने धुवायची, हवा मारायची, चाक हलवून बघायचं. डगडग वाढली असेल तर नवा बुश घालायचा, फट राहिली तर पातळ वॉशर. शाळेतल्या पोराला सांगितलं तरी कळेल.

धीरज : पिनेचा नट पण आवळला होता मी. चांगला ताकद लावून.

भाग्यश्री : ते दिसतंय, वॉशर चेपलाय. ताकद लावायची जागा बरी शोधलीत. आर्म आपल्या वजनाने खाली पडला पाहिजे, एवढा सैल लागतो. तुम्ही तो जाम करून टाकलात. मग शॉकअप कशाला आहे तिथे, शोभेला? सगळे हादरे त्या पिनेने खाल्ले. शेवटी ती तुटली आणि बगी गेली ताडगोळे सोलत बसलेल्या नवसीमावशीच्या पायावर.

धीरज : ती पण रोजची जागा सोडून पुढं येऊन बसलेली.

भाग्यश्री : हे तुम्ही तिलाच जाऊन सांगा. पायाला प्लास्टर आहे, उठून जाणार नाही. निवांत ऐकून घेईल.

धीरज : तसं नाय म्हणायचं मला.

भाग्यश्री : मग कसं म्हणायचं होतं? काल जेवताना आईंना तर नीट म्हणालात. वहिनीची बांधणीच कच्ची, बायकांना कशाला हवीत असली कामं.

धीरज : मी एवढंच म्हटलं की कायतरी राहिलं असंल.

भाग्यश्री : आणि आई म्हणाल्या, ही बला घरातून गेली पाहिजे, आणि हिच्या शर्यती बंद. तुमचे दादा मान खाली घालून भात कालवत बसले. तुम्ही पापड मागून घेतलात.

धीरज : तेव्हा मला सुचलं नाय काय. आता सांगतो ना घरात. ग्रीसचं, नटचं, सगळं सांगतो. मग ठेवा तुमी बगी.

भाग्यश्री : बगी ठेवायची की नाही हे मी तुमच्या सांगण्यावर सोडलेलं नाही. हा बुश आणि ही पिन मी आईंच्या हातात ठेवणार आहे. पुढच्या शर्यतीलाही जाणार आहे.

धीरज : मग मला कशाला बोलवलंत?

भाग्यश्री : सकाळी मी मावशीकडे जाऊन आले.

धीरज : काय म्हणाली?

भाग्यश्री : मी विचारलं, पडल्यावर उचललं कोणी. म्हणाली, घोडागाडीवाल्या सुकाने. रिक्षापर्यंत त्यानेच नेलं. मी विचारलं, धीरज कुठे होता.

धीरज : वहिनी, भरती चढत होती. इंजिनात खारं पाणी गेलं असतं तर तुमीच मला...

भाग्यश्री : म्हणजे खरं आहे. ती वाळूत पडलेली, आणि तुम्ही बगी उचलून वर सुरूच्या झाडांत नेऊन ठेवलीत.

धीरज : मी परत गेलो होतो तिथं. तोवर तिला नेलेलं.

भाग्यश्री : हो. तेवढ्यात बगी पुसूनही झाली असेल.

धीरज : चिडलीय का ती?

भाग्यश्री : नाही. म्हणाली, 'म्हागाची वस्तू हाय, आदी तीच उचलनार ना तो. त्याला काय बोलू नको.' मग माझ्यासाठी चहा ठेवायला उठायला लागली.

धीरज : त्या पायानं?

भाग्यश्री : त्या पायाने.