मंदारचा खर्रा सुटला

अन् वरून म्हणतात, "घे ना बे, एकानं काय होते?" आता तुम्हीच सांगा, माणसानं खर्रा, म्हंजे घोटलेली सुपारी-तंबाखू, सोडला तं तुमच्या बापाचं काय जाते? पण नाही. आमच्या मारेगावात दारू सोडली तं लोक पाया पडतात अन् खर्रा सोडला तं चौकशी बसते.

आमचा मंदार कृषी कार्यालयात. ते बोंडअळीचं वर्ष, कापूस पार बसलेला, अन् हा रोज पंचनाम्याले या बांधावरून त्या बांधावर. बांधावर पाण्याच्या आधी खर्रा पुढं येते, माहीत आहे ना तुमाले? नाही म्हटलं तं समोरच्याले वाटते, साहेब रुसला, आता नुकसान कमी लिहिते. मंदार हात जोडे, अन् ते म्हणत, "साहेब, एकानं काय होते?"

आता सोडला काहून? तं सांगतो. लग्नाले लई वर्षं झाली, पाळणा हलेना. नागपूरले टेस्ट ट्यूबचं दोनदा केलं, दोन्ही वेळा गर्भ तयार झाले अन् दोन्ही वेळा वाया गेले. दोष कोणाचा? बायकोचा, शाल्मलीचा, दुसऱ्या कोणाचा असणार... मंदारच्या आईनं, रत्नप्रभाबाईनं, तिच्याकडून सोमवार करवले, गुरुवार करवले, शनिवार करवले, बिचारीले जेवाले वारच उरला नाही. शेवटी डॉक्टर भैरवी मॅडम म्हणाल्या, "मंदारराव, आता जरा तुम्हाला तपासू या." हा लालबुंद. "मले? मले काय झालं?"

झालं होतं ना. मॅडम म्हणाल्या, "शुक्राणू भरपूर आहेत, पळतातही छान. पण त्यांच्या आतला डीएनए तुटका आहे. शाल्मलीचं बीज चांगलं असूनही गर्भात बिघाड होतो, तो त्यामुळे असू शकतो. तंबाखू बंद. नवे शुक्राणू तयार व्हायला तीन महिने लागतात, तेवढे दिवस चिमूटभर नाही."

मंदारनं हळूच विचारलं, "मॅडम, सकाळी एखादा? एकानं काय होते?"

मॅडमनं चष्मा काढला. "मंदारराव, असतात करोडो, पण आत एकच जातो. तोच तुटका निघाला तर?"

परतताना गाडीत शाल्मली एवढंच बोलली, "हे शेवटचं. यानंतर माह्या पोटात सुई नाही."

पण हे चौकात सांगता येते का? पानठेलेवाला बशीरभाई विचारे, "क्या भाऊ, हमसे नाराज हो? घोटके रखा है." मंदार म्हणे, "दात दुखते." तं आमचे हेडक्लार्क विठ्ठलराव म्हणे, "मंग दुसऱ्या गालात ठेव!"

अन् आठवड्यात गावभर झालं, मंदारले तोंडाचा कॅन्सर आहे. लोक सफरचंदं घेऊन घरी याले लागले हो! विठ्ठलरावानं मोबाईलचा टॉर्च मारून "आ कर" म्हटलं, आत पाह्यलं, डोळे पुसले, अन् खिशातून पुडी काढली. "आता झालाच आहे तं खाऊन घे बाबू, एकानं काय होते?"

शाल्मली चहा घेऊन आली होती, तिनं ट्रे आदळला. "कॅन्सर-बिन्सर काही नाही. इतकी वर्षं दोष माह्यात धुंडला, निघाला यांच्यात. खर्ऱ्यानं नास केला. लेकरू पाह्यजे म्हणून सोडला. घ्या चहा."

कॅन्सरसाठी बसलेली माणसं, याच्यासाठी एक जण चहाले थांबला नाही.

मंदारनं ते तीन महिने कसे काढले, त्याचं त्याले माहीत. लवंगा चघळल्या, बडीशेप चघळली, एकदा तं झोपेत उशीचं टोक चघळलं. बायकोवर चिडे अन् लगेच माफी मागे. पण नाही खाल्ला.

मंग तिसऱ्यांदा केलं. गर्भ तपासाले पाठवले, नागपूरहून फोन आला, एक अगदी निरोगी निघाला. मंदार अंगणात ढसाढसा रडला. शाल्मलीही रडली, कितीक वर्षांनी आनंदानं. पुढचं पुढं, पण इथवर तं आलो.

रत्नप्रभाबाईनं देवाले हात जोडले. "पाह्य, सूनबाईचे सोमवार फळले."

मंदार म्हणे, "आई, अन् मी तीन महिने खर्रा सोडला, ते?"

तं म्हणे, "त्यात तू काय केलं रे? नुसतं तोंड तं बंद ठेवलं."