डिपॉझिटची एवढी घाई काय आहे?

‘‘हिला जायचंय की नाही एकदाचं?’’ हे स्वयंपाकघरातून आलं. नळ चालू होता, म्हणून माझ्या दोघी जुन्या रूममेटना वाटलं मला ऐकू जाणार नाही... पण तुम्हाला सांगते, ज्या खोलीत आपण इतके दिवस राहिलो तिथं नळाच्या आवाजामागचं सगळं ऐकू येतं. बोलली कोण, तर नर्स. माझ्या तापात हॉस्पिटलातली रात्रपाळी संपवून आल्यावरही उशाशी बसणारी, तीच. आणि दुसरी, लायब्ररीत काम करणारी, जिचा आवाज एरवी शेजारच्या खुर्चीलाही ऐकू येत नाही, ती म्हणते, ‘‘डिपॉझिटचं पाकीट भरून ठेवलंय. ही येते, चहा पिते, पाकीट विसरून जाते. विसरते कसली.’’

आता माझं काय चुकलं सांगा. करार संपायच्या आत लग्न ठरलं, मी निघाले. घरमालक म्हणाले, ‘‘डिपॉझिट मधेच मिळणार नाही, नवी मुलगी आणा, तिच्याकडून घ्या.’’ नवी आली, या दोघींकडे पैसे दिले, मी ते उचलले की माझी जागा तिची. मी म्हटलं, घेईन की, घाई काय आहे?

घरी नवरा विचारतो, ‘‘आणलंस? बुडवणार तर नाहीत ना त्या?’’ त्याला कसं सांगू, की त्या बुडवत नाहीत हीच तर पंचाईत आहे... सासरची माणसं चांगली आहेत हो. सासूबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या, ‘‘पर्स टांग की कुठेही, तुझंच घर आहे.’’ कुठेही म्हणजे कुठे? एका खुंटीवर सासऱ्यांची छत्री, एकीवर दिराचं हेल्मेट, एकीवर सासूबाईंची पिशवी. माझी पर्स खुर्चीवर, आणि कुणी बसायला आलं की माझ्या मांडीवर.

आणि इकडे माझ्या कॉटच्या वर खिळा आहे. मीच ठोकलेला, लाटण्यानं. नर्स डोक्याला हात लावून म्हणाली होती, ‘‘बाई गं, मालक खिळ्यामागे पैसे कापतात.’’ वाकडा गेला, पण ओझं धरतो. डिपॉझिट इथं आहे तोवर कॉट माझी, खिळा माझा. म्हणून म्हणत होते, घाई काय आहे?

तेवढ्यात नळ बंद झाला, आणि मी पहिल्यांदा त्या नव्या मुलीकडे नीट पाहिलं. पैसे कधीचे देऊन बसलेली, आणि बसलेली कुठे, तर खाली सतरंजीवर, बॅगेला टेकून. म्हटलं, ‘‘अगं, वर बस ना कॉटवर.’’ तर म्हणते, ‘‘नको ताई, तुमचा हिशेब अजून व्हायचाय.’’ पर्स तिच्या मांडीवर होती.

मग काय... दोघी चहा घेऊन आल्या, नजर चुकवत पाकीट पुढे केलं. मी घेतलं. वरची एक नोट काढून नर्सच्या हातात ठेवली आणि म्हटलं, ‘‘हे खिळ्याचे कापून घ्या. पण खिळा उपटू नका गं, हिला पर्स टांगायला लागेल.’’