देवमनकाकाचं फडकं

नाही, मले अजूनही पटलं नाही. चुकी देवमनकाकाची नव्हतीच. अध्यक्ष ओमप्रकाशजी, मंचावरचे कंपनीचे साहेब, आपल्या डाळ मिलचे सारे कामगार, अन् ज्यांच्यासाठी आज हार आणला ते आपले मुकादम देवमनकाका, सगळ्यांना दुबईहून योगेशचा नमस्कार. सुट्टी मिळाली नाही, म्हणून माझं भाषण आपल्या मिलमधली रागिणीताई वाचून राहिली. आठवी नापास माणसाचं लिहिणं आहे.

साहेब, तुमी अकोल्यात नवीन. काकांची मुकादमी कशी होती, कोणी सांगितलं का तुमाले? जेवणाच्या सुट्टीत ते प्रत्येकाच्या डब्यातली अर्धी भाकर मागून घेत. वरून टोमणा! "काहून वो जमुनाबाई, ठेचा केला का नवऱ्यावरचा राग कुटला?" मग साऱ्या भाकरी एका फडक्यावर, मधात. डबा नसलेला माणूसही त्यातच हात घाले. कोण उपाशी आला, कोणालेच समजत नव्हतं. पहिलं वर्षभर मी त्या फडक्यावरच जेवलो.

मग परदेशी कंपनीनं मिल घेतली, मले त्यांच्या दुबईच्या गोदामात पाठवलं. यंदा कंपनीनं साऱ्या देशांतल्या कामगारांना म्हटलं, पहिल्या साहेबाची आठवण मोबाईलवर दोन मिनिटांत सांगा. मी छाती फुगवून सांगितलं, "आमचा मुकादम रोज आमच्याकडून अर्धी भाकर घेतल्याशिवाय राहत नव्हता!" फडक्याचं सांगायच्या आत दोन मिनिटं संपली.

ते ऐकून कंपनीनं काकांची चौकशी लावली. म्हणे, हाताखालच्या माणसाकडून काही घेणं म्हणजे लाच. साऱ्या जगाले एकच नियम! रिटायरला सात महिने असताना काकांकडून राजीनामा लिहून घेतला. त्याचाच हा हार ना, साहेब?

आता मिलमध्ये गरजूनं कंपनीचा फॉर्म भरला की जेवण फुकट, अन् नाव भिंतीवर. किती जणांनी भरला? एकानंही नाही.

मी काकाले फोनवर माफी मागितली. म्हणे, "येड्या, भाकर सांगितली, ठेचा काहून नाही सांगितला?" हासले. मले नाही हासता आलं.

ऐकून घेतलं, उपकार झाले. शब्द कडू लागला असेल तर पोराचा म्हणून गिळून घ्या. काका, उद्या जेवणाच्या सुट्टीत गेटाबाहेर फडकं अंथरा, तिथं कंपनीचा नियम लागत नाही. कंपनीच्या एका टेबलानं तुमची चौकशी लावली, दुसऱ्या टेबलानं माझ्या त्याच आठवणीले बक्षीस दिलं. ते बक्षीस रागिणीताईकडे भाकरीच्या ज्वारीसाठी पाठवून राहिलो. सहा हजार आठशे रुपये.