गोटीरामच्या पोरीचं कार्ड

नाय सर, ती यादी भिंतीला लावू नका. काढा, काढा ती—चिकटपट्टी हळूच निघते. आमच्या बायांना अक्षर कमी कळतं, मान्य हाय, पन कुनाच्या नावापुढं पिवळा रंग आन कुनाच्या लाल, ते बघायला शाळा लागत नाय. सिकलसेलची तपासनी हाय ही, पोलिओचा डोस नव्हं. बसा असं बाकावर. नर्सबाई किट घेऊन येईस्तोवर आपल्याला काम नाय. आन मी बोलले म्हनून राग मानू नका—तुम्ही डॉक्टर, मी साधी आशा—पन तेरा वर्षं झाली मला या पाड्यांवर, तुमच्यासारखे शिकनारे कितीक आले आन गेले. काय म्हनलात? हर्षालीमॅडम? तुमच्या कॉलेजात काय सांगतात, तिनं इथलं लगीन मोडलं म्हनून? हं. तिथवर गेलं व्हय ते. जानारच. असलं काय चालत जात नाय, पळत जातं.

आता तुम्ही इचारलंच हाय तर सांगते. मी तिला तोंडावर मॅडमच म्हनायची, पन वयानं लेकीएवढी, तर ‘ती’ म्हनले तर चालंल ना? नाशिकची. बाप अंबडला कंपनीत लेथवर काम करायचा, घरात पहिलीच डॉक्टर व्हनार ती. दोन महिन्यांसाठी आलेली. पहिल्या आठवड्यात तिनं बाया गोळा केल्या आन कागद वाचून दाखवला—आहार, लोह, हिरव्या पालेभाज्या. बाया ऐकत राहिल्या. मंग म्हातारी पुतळाबाई उठली, म्हनली, पोरी, हे समदं आमच्या डोंगरात उगवतंय, तुला आम्ही शिकवू, तू विहिरीवर चल. आन गेली की ही. डोक्यावर हंडा घेऊन टेकाड चढली, निम्म्यात पाय घसरला, गुडघा फुटला. दुसऱ्या दिवशी लंगडत परत गेली. तवापास्नं तिनं तो कागद पिशवीतून काढला नाय. घरात जायची, चुलीपुढं बसायची, इचारायची कमी, ऐकायची जास्त. मला एकदा म्हनली, ताई, कॉलेजात आम्हाला पेशंट येतो तेव्हा एकटा येतो, इथं एकाला हात लावला की आख्खं घर हलतं. तवा मला ते नुसतं बोलनं वाटलं.

मंग शाळेच्या ओट्यावर तपासनी झाली. गोटीराम हाय ना, वरच्या पाड्यावरचा—नागली, भात करतो, हंगामाला दिंडोरीकडं द्राक्षाच्या कामाला जातो—त्याची पल्लवी आपल्या पायानं आली. बारावी शिकलेली पोर, हसरी. घाटाखालच्या चंदरशी ठरलं व्हतं तिचं, साखरपुडा झालेला, होळीनंतर लगीन. रक्त दिलं, नाशिकवरून पक्का रिपोर्ट आला, पिवळं कार्ड. वाहक. हर्षालीनं तिला शाळेच्या मागं नेलं, मी बी गेले, नोंदवही माझ्या हातात व्हती. अर्धा तास समजावलं तिनं. मातीत काडीनं गोल काढून दाखवले—हे चांगलं रक्त, हे विळ्यासारखं वाकलेलं. म्हनली, तू आजारी नाहीस, पल्लवी. तुझ्यात अर्धंच आहे, त्याने तुला काही होणार नाही. चंदरचं रक्त चांगलं निघालं तर तुमच्या बाळाला हा आजार होऊच शकत नाही. दोघंही वाहक असलात तरच भीती, आणि तेव्हाही मार्ग आहेत. पोरीनं समदं ऐकलं. मंग म्हनली, मला आठ दिवस द्या, मी त्याला माझ्या तोंडानं सांगते, मी सांगितलं तर तो ऐकंल. हर्षालीनं शब्द दिला. मी बी दिला.

आठ दिवस कुठले, चौथ्या दिवशी लंकाबाई आली—चंदरची आई. दोन भाऊ बरोबर घेऊन आली, साडीचोळी परत घेऊन आली. गोटीरामच्या अंगनात उभी राहून म्हनली, आजारी रक्त आम्हाला नको. पल्लवी दारात उभी. रडली नाय ती. नुसती चौकट धरून उभी. आन लंकाबाई तर अशी बाई सर, की बाजारात तिला कळलं तवा हातातला लसून खाली सांडला, तो बी वेचला नाय तिनं, तशीच घरला—

काय?

नाय, मला कसं माहीत म्हंजी… बाजार हाय, समदे असतात बाजाराला. कुनी तरी बघितलं असंल, सांगितलं असंल. पुढचं ऐका तुम्ही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच पाडा जमला. गोटीराम मधी बसला, डोक्याला हात लावून. पोलीस पाटील म्हनला, ही गोष्ट फोडली कुनी? तर माहीत किती जनांना? पोरीला, डॉक्टरनीला, आन—आशाताईकडं वही असते, पन आशाताई आपली हाय, तिनं आपली बाळंतपनं केली. समद्यांनी माना कुठं वळवल्या, सांगायला नको. हर्षाली म्हनली, मी नाही सांगितलं. एकदाच म्हनली. मंग तिनं सावकाश समद्यांकडं बघितलं, एकेक करून, आन माझ्यावर थांबली. मी पायाच्या अंगठ्यानं माती उकरत व्हते. आन मंग ती म्हनली, “चूक माझी आहे. वही मी ओट्यावर उघडी ठेवली होती.”

वही माझ्या पिशवीत व्हती, सर. त्या दिवसापास्नं. तिनं तिला हात बी लावला नव्हता.

तुम्ही असं बघू नका माझ्याकडं. तुम्ही काल आलात. तुम्हाला काय माहीत हाय? माझा रवी नऊ वर्षांचा व्हता. थंडी पडली की हाडं दुखायची त्याची, रात रात वरडायचा, आम्ही भगताकडं नेलं, अंगारा लावला, मालिश केली, लोकं म्हनायची वाढीचं दुखनं हाय. शेवटी सिव्हिलला नेला तवा छाती भरली व्हती, घरला परत आला नाय तो. तिथल्या डॉक्टरनं कागदावर लिहून दिलं, मंग कळलं नाव—सिकलसेल. लाल. म्हंजी मी बी वाहक, माझा मालक बी वाहक, आन आम्हाला कुनी सांगितलंच नव्हतं. कुनी तरी आमच्या लग्नाआधी माझ्या सासूच्या कानात एक शब्द घातला असता तर? मालक तर म्हनतो अजून, माझ्या रक्तात खोट नाय, तुझ्याच माहेरचं हाय ते. त्यानं तपासून घेतलं नाय ते नायच. त्याच साली मी आशा झाले. ट्रेनिंगला समदं शिकवलं, दोघं वाहक, एक वाहक, चार खडे ठेवून शिकवलं. मला पाठ हाय. आत्ता इचारा, घडाघडा सांगते. पन बाजारात लंकाबाई पुढ्यात आली, लसून निवडत व्हती, खुशीत सांगायला लागली की मांडवाला इतकी मानसं येनार, आन वरसाच्या आत नातू खेळवीन—नातू म्हनली ती, आन मला ते खडे कुठले आठवतात? मला रवीचे सुजलेले हात दिसले. मी म्हनले, बाई, पोरीचं रक्त इचारून घ्या. येवढंच. सहाच शब्द म्हना, पाच म्हना. मी वाईट मनानं नाय केलं. खरंच नाय केलं.

हर्षाली थांबली नाय पन. मोठ्या डॉक्टरसाहेबांनी तिला बोलावून घेतलं, लय बोलले, पोस्टिंग रद्द केलं, शेरा लिहिला, सहा महिने मागं गेली ती. बापानं फोनवर काय इचारलं असंल ते तिलाच ठाऊक. पन जायच्या आधी ती चालत घाट उतरून चंदरकडं गेली. पोरगा चांगला हाय, नाय म्हनला नाय, त्यानं रक्त दिलं. बारा दिवसांनी रिपोर्ट आला, ती तवा नाशिकला गेलेली, तर रिपोर्ट घेऊन परत आली, स्वतःच्या सुट्टीच्या दिवशी. चांगलं रक्त. अगदी चांगलं. त्या दोघांची पोरं ठनठनीत झाली असती, सर. एकाला बी काय झालं नसतं. लंकाबाईनं कागद हातात घेतला नाय. म्हनली, आम्ही दुसरीकडं शब्द दिला. आन ती दुसरी पोरगी, तिचं रक्त कुनी बघितलं? कुनी नाय. लगीन झालं बी. चंदर मांडवात खाली मान घालून बसला व्हता म्हनतात.

रिपोर्ट घेऊन आली त्या दिवशी मी हर्षालीला एसटीपर्यंत सोडायला गेले. फाट्यावर पोचलो तवा मी म्हनले, मॅडम, तुम्ही असं का केलंत? मला वाटलं शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती म्हनली, “ताई, मला इथले लोक चार महिन्यांत विसरतील. तुम्हाला इथंच राहायचंय. उद्या कुणी तुमच्यासाठी दारच उघडलं नाही, तर इथल्या बाळंतिणींकडे कोण जाणार?” आन गाडीत चढली. रवीचं तिला मी कधीच सांगितलं नव्हतं. कुनीतरी सांगितलं असनार, कारन खिडकीतून तिनं हात बाहेर काढला आन माझ्या डोक्यावर ठेवला, माझ्या, वयानं दुप्पट बाईच्या.

तर दारं उघडी राहिली. समदी उघडी हायेत. रोज उघडतात, या ताई म्हनतात, आन मला आत जावं लागतं. सोडायचा इचार केला मी, दोनदा अर्ज लिहिला. सोडून जाऊ कुठं? हाच पाडा, हीच वाट, पानी आनायला त्याच विहिरीवर. सांगून टाकावं म्हनलं तर हर्षालीनं जे गमावलं ते फुकट जातं, आन नाय सांगावं तर… पल्लवी येते माझ्याकडं. संध्याकाळची येते, माझ्याकडंच येते, दुसरीकडं जात नाय. तीन स्थळं आली, तिन्ही परत गेली. माझ्या मांडीवर डोकं ठेवून म्हनते, ताई, त्या मॅडमनी वही उघडी का ठेवली असंल? मी तिच्या केसांत तेल घालते. काय म्हनू? तुम्ही शिकलेले, तुम्ही सांगा, काय म्हनू?

नका सांगू. राहू द्या. तुम्हाला हे सांगायचं माझ्या मनात नव्हतं, यादीवरून निघालं. दोन महिन्यांनी तुम्ही बी जाल.

उठा सर. त्या बघा, नर्सबाई आल्या. यादी माझ्याकडं द्या—नाय, नको, तुमच्याकडंच ठेवा, माझ्या हातात देऊ नका. वरच्या पाड्यापास्नं सुरू करू, गोटीरामची धाकटी राहिली हाय तपासायची. तुम्ही आत जाऊन बसा, त्यांच्याशी नीट बोला. मी अंगनात थांबते.

चला. आता काय इचारू नका.